कपबशी अलीकडे, छत्री पलीकडे

बाबा संध्याकाळी एकटे घरी आले असं मला आठवतच नाही. मागे चार-पाच कार्यकर्ते असायचेच, आणि आमची खोली एकच. कार्यकर्ते आत शिरले की मी पुस्तकं उचलून मोरीच्या कट्ट्यावर जाऊन बसायची. बी.कॉम.चा जवळजवळ सगळा अभ्यास मी मोरीत केला आहे. अकाउंटन्सीत मला जेमतेम मार्क पडले, त्याचं खापर मी आजही पक्षावर फोडते.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही अंधेरी पूर्वेला मरोळच्या एका बैठ्या चाळीत राहायचो. पुढच्या ओळींत बहुतेक कोकणातली घरं, मागच्या ओळीत मराठवाडा-विदर्भाकडची बौद्ध कुटुंबं. बाबा आधी गिरणीत होते. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच, मग ते औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये लागले. पगार चुकत नव्हता, पण गिरणीत बाबांचा शब्द चालायचा. कुणाची रजा अडली, कुणाच्या घरात भांडण झालं, तरी माणसं त्यांना शोधत यायची. कारखान्यात त्यांना शोधत कोणी आलं, तर ते नट-बोल्ट मागायला. हे त्यांना फार लागलं होतं. पक्षाने महापालिकेसाठी उमेदवारी दिली त्या दिवशी ते आईला म्हणाले, "एकदा, फक्त एकदा लोकांनी म्हणायला पाहिजे गं, हा आमचा माणूस."

"लोकांचं मागाहून बघू," आई म्हणाली. "आमचा माणूस आधी जेवून घेणार आहे का?"

बाबा जेवले नाहीत. त्यांना इतका आनंद झालेला मी गिरणी सुटल्यापासून पाहिला नव्हता, आणि मला राजकारणाचा कितीही तिटकारा असला, तरी त्या दिवशी मलाही वाटलं, येऊ देत निवडून बिचारे.

आता चिन्हाची भानगड सांगायला हवी. पक्षाला तेव्हा स्वतःचं कायमचं चिन्ह नव्हतं. सगळ्या मुंबईत पक्ष एक, झेंडा एक, घोषणा एक, पण चिन्ह वॉर्डावॉर्डात वेगळं. निवडणूक कचेरीत जे वाट्याला येईल ते घ्यायचं. बाबांच्या वाट्याला आली कपबशी. आमच्या चाळीसमोरचा रस्ता ओलांडला की दुसरा वॉर्ड लागायचा, आणि तिथे आमच्याच पक्षाच्या उमेदवाराला मिळाली छत्री. इथवर सगळं ठीक होतं. पण छत्री आमच्या वॉर्डातही होती, आणि ती भलत्याच माणसाकडे होती.

हा भलता माणूस म्हणजे नाक्यावरच्या फोटो स्टुडिओचा मालक. सज्जन, बारीक आवाजाचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तो अपक्ष उभा होता तो निवडून येण्यासाठी नव्हेच. निवडणुकीला उभं राहिलं की आपलं नाव घरोघर पोचतं, एवढाच त्याचा हिशोब. त्याला खरं तर कॅमेरा हवा होता, पण यादीत कॅमेरा नव्हता म्हणून त्याने छत्री घेतली. त्याच्या पत्रकात जाहीरनामा दोन ओळींचा होता आणि त्याखाली ठळक अक्षरांत, ‘पासपोर्ट व लग्नाचे फोटो तातडीने काढून मिळतील’. फोटो मात्र सगळ्या उमेदवारांत त्याचाच देखणा होता. बाबांच्या पत्रकावरचा फोटोही त्यानेच काढला होता, आणि बाबांना "हनुवटी जरा वर, साहेब" म्हणून म्हणून त्याने त्यांचा चेहरा असा करून ठेवला होता की ते छताची गळती तपासताहेत असं वाटावं.

प्रचाराला पक्षाने दोन वॉर्ड मिळून एकच लाउडस्पीकरची रिक्षा दिली होती. रिक्षात माइक घेऊन बसणारा कार्यकर्ता आवाजाने दणदणीत होता. त्याने रस्त्याच्या अलीकडे "ताई, माई, अक्का, कपबशीवर मारा शिक्का" ओरडायचं आणि रस्ता ओलांडला की कपबशीच्या जागी छत्री म्हणायचं, एवढंच काम. पण माणूस रंगात आला की त्याला रस्ता दिसायचा नाही. पलीकडून छत्री छत्री करत तो आमच्या चाळीत शिरायचा आणि शेवटच्या ओळीपर्यंत छत्रीच चालू. बाबा लुंगीवर रिक्षेमागे धावायचे, "अरे कपबशी! कपबशी म्हण, गाढवा!" आणि मग माइकवरून तो शांतपणे म्हणायचा, "माफ करा, कपबशी."

"एवढ्याने काय होतंय," बाबा म्हणायचे. "लोक मला ओळखतात."

लोक त्यांना ओळखत होते हे खरंच होतं. मागच्या ओळीतली मंडळी तर तोंडावर सांगायची, "दादा, आमचं आमच्या उमेदवाराला ठरलंय, तुम्ही उगाच पायपीट करू नका. बसा, चहा घ्या." बाबा बसायचे, चहा घ्यायचे आणि बाहेर येऊन म्हणायचे, सच्ची माणसं आहेत. पुढच्या ओळींबद्दल मात्र त्यांना तिळभर शंका नव्हती. तिथे त्यांचा प्रचार वेगळाच होता. मागच्या वेळी आमच्या चाळीची बरीच मतं बाद झाली होती. कुणी शिक्का दोन रकान्यांच्या मधे मारला, कुणी कागद अशा तऱ्हेने दुमडला की शाई दुसऱ्या चिन्हावर उमटली. या वेळी ते होऊ नये म्हणून बाबा कारखान्यातून जुनं स्टँपपॅड घेऊन आले आणि घरोघर बायकांना शिकवणी दिली. शिक्का हलका दाबायचा, फुंकर घालायची, शाई वाळू द्यायची, मग कागद उभा दुमडायचा, आडवा नाही. आमच्या शेजारच्या काकी तर रद्दी पेपरवर सराव करायच्या. साठी उलटलेल्या, मालवणच्या, बाबांना ‘झिला’ म्हणणाऱ्या. त्यांचं बाबांवर पोटच्या पोरासारखं प्रेम होतं.

आणि मग सभा झाली. पक्षाचे मोठे नेते येणार होते, दोन्ही वॉर्डांची मिळून एकच सभा, रस्त्यापलीकडच्या मैदानात. ठरलं असं की नेत्यांनी भाषणाच्या शेवटी एका हातात छत्री आणि एका हातात कपबशी घेऊन लोकांना दाखवायची. कपबशी आमच्या घरून जायची होती. आईने कपाटातली निळ्या फुलांची ठेवणीतली कपबशी काढून दिली, आणि देताना कार्यकर्त्याला म्हणाली, "फोडलीस तर मत देणार नाही." त्या पोराने ती जपून मंचाच्या मागे नेली. तिथे चहाचं पातेलं होतं. मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या कुणाला वाटलं, साहेबांसाठी चांगली कपबशी आली आहे. त्याने तिच्यात चहा ओतला.

मी मैदानात आईशेजारी उभी होते. नेते बोलता बोलता भाषणाच्या शेवटाला आले, त्यांच्या हातात कपबशी दिली गेली. बाबा खुर्चीत पुढे सरकले. नेत्यांनी कपबशी वर उचलली, आत पाहिलं आणि चहा प्याले. बशीत ओतून, दोन घोटांत. लोकांना वाटलं, दमले असतील, बोलून बोलून घसा कोरडा पडला असेल. समोरच्या बायका कौतुकाने म्हणाल्या, किती साधा माणूस, बशीने चहा पितो. मग नेत्यांनी कपबशी बाजूला दिली, छत्री हातात घेतली, खटकन उघडली आणि गरजले, "लक्षात राहील ना? छत्री!" सगळं मैदान ओरडलं, "छत्री!" आमची सगळी चाळ ओरडली. काकी तर दोन्ही हात वर करून ओरडल्या. मंचावर बाबांचं तोंड मी कधी विसरणार नाही. आई म्हणाली, "वाट लागली." एरवी ती असं कधी बोलत नसे.

त्यानंतर बाबांनी घरोघर जाऊन निस्तरायचा प्रयत्न केला, आणि निस्तरता निस्तरता त्यांनी सगळं आणखी बिघडवलं, असं माझं स्पष्ट मत आहे. "छत्री आपलीच आहे, पण पलीकडची," ते सांगायचे. "अलीकडची छत्री आपली नाही. आपली कपबशी. कपबशी अलीकडे, छत्री पलीकडे."

"म्हणजे तुम्ही कुठे, अलीकडे की पलीकडे?" समोरच्या खोलीतल्या काकांनी विचारलं.

"मी अलीकडे."

"मग पलीकडची छत्री अलीकडे कशी?"

"ती आपली नाही ना!"

"मघाशी तुम्हीच म्हणालात, आपलीच आहे म्हणून."

मी मोरीत बसून हे ऐकत होते आणि मला हसू आवरेना. बाबा रागावले माझ्यावर. मीही उलट बोलले, "एका वाक्यात छत्री हा शब्द इतक्यांदा घेतलात तर लोकांच्या लक्षात काय राहणार?" त्या रात्री त्यांनी कपबशी हाच एक शब्द म्हणायचं ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी लोक विचारू लागले, आता छत्रीचं काय झालं?

मतदानाच्या दिवशी आम्ही शाळेबाहेर, नियमाप्रमाणे लांब, टेबल टाकून मतदारांच्या चिठ्ठ्या फाडत बसलो होतो. चाळीतून बायका नव्या साड्या नेसून रांगेने येत होत्या आणि बाहेर पडताना बाबांकडे बघून हसत होत्या. काकी मत देऊन थेट टेबलापाशी आल्या. त्यांनी बाबांच्या डोक्यावर हात ठेवला.

"झिला, छत्रीर शिक्को मारलंय. फुंकर घातलंय, उभो दुमडलंय. तू कायएक काळजी करू नको."

आता सांगून काय उपयोग होता? ते म्हणाले, "बरं केलंत काकी." मला एवढा राग आला त्या रिक्षातल्या माइकवाल्याचा, त्या नेत्यांचा, त्या चहा ओतणाऱ्याचा, की चिठ्ठी फाडताना माझ्या हातून पुस्तिकेची दोन पानं जास्त फाटली.

मतमोजणीही त्याच शाळेत होती, आणि मी बाबांबरोबर त्यांची प्रतिनिधी म्हणून आत गेले होते. टेबलावर चिन्हांप्रमाणे मतपत्रिकांचे गठ्ठे लागत होते. सुरुवातीला बाबा छत्रीच्या गठ्ठ्याकडे कौतुकाने बघत होते. शिक्के काय सुरेख मारले होते! बरोबर रकान्याच्या मधोमध, शाई कुठेही फरफटलेली नाही, कागद उभा दुमडलेला. "बघ," ते मला हळूच म्हणाले, "कशी शिकवणी झालीय, एकही बाद नाही." मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय म्हणालो. कपबशीचा गठ्ठा शेजारी होता, आणि तो छत्रीच्या अर्ध्याएवढाही नव्हता.

छत्री निवडून आली. उमेदवाराला शोधायची वेळ आली तेव्हा तो तिथे नव्हताच. त्याला बोलवायला एक शिपाई स्टुडिओत गेला. तिथे तो एका जोडप्याचा फोटो काढत होता. म्हणे, शिपायाला त्याने पहिल्यांदा "जरा थांबा, बसा बाकावर," असं सांगितलं. त्याला शाळेत आणलं तेव्हा तो घामाघूम झाला होता आणि सारखा बाबांकडे बघत होता. "साहेब, माझं काही चुकलं का?" त्याने विचारलं. बाबा म्हणाले, "नाही हो, तुमचं काय चुकणार," आणि त्याचा हात हातात घेऊन हलवला.

इकडे पक्षाच्या कचेरीत फळ्यावर खडूने निकाल लिहिले जात होते. बोरिवलीकडे नवे वॉर्ड आले होते, घाटकोपरला एक हक्काचा हातचा गेला होता, मुलुंडकडे सगळा घोळच होता, पण एकंदरीत पक्षाने अशी मुसंडी मारली होती की कचेरीत कुणाला उभं राहायला जागा नव्हती. आमच्या वॉर्डापुढे फळ्यावर फुली होती. बाबांनी ती पाहिली, आणि पेढा पुढे आला तेव्हा तो घेतला. पेढा तोंडात ठेवून चावायचा ते विसरलेच. मला रडू येत होतं. पक्ष जिंकला होता आणि माझा बाप हरला होता, आणि दोन्ही गोष्टी एकाच खोलीत उभ्या होत्या.

संध्याकाळी पलीकडच्या छत्रीची मिरवणूक निघाली. बँडबाजा, गुलाल, सगळं आधीच सांगून ठेवलेलं होतं, आणि तेही दोन्ही वॉर्डांत मिळून एकच. त्यामुळे मिरवणूक ठरल्याप्रमाणे रस्ता ओलांडून आमच्या चाळीत आलीच. पोरांनी सवयीने बाबांना खांद्यावर घेतलं. बँडवाल्यांनी जोरात सूर धरला. मग कुणीतरी कुणाच्या तरी कानात सांगितलं, बँडवाल्यांचा सूर हळूहळू खाली आला, ढोलवाला तेवढा वाजवत राहिला. बाबा खांद्यावरच राहिले, गुलालाने लाल झालेले. त्यांना खाली कसं ठेवावं हे कुणालाच कळेना. शेवटी आई दारातून म्हणाली, "उतरवा त्यांना. औषध घ्यायची वेळ झालीय." बाबा कसलंच औषध घेत नव्हते.

महापालिकेत पक्षाला बहुमतासाठी थोड्या जागा कमी पडत होत्या, आणि एकेका नगरसेवकाला मोल आलं होतं. त्यामुळे थोड्याच दिवसांत पक्षाचे लोक स्टुडिओत जाऊन बसू लागले, आणि फोटोवाल्याने काही फार आढेवेढे घेतले नाहीत. तो पक्षात आला. आमच्या वॉर्डापुढची फुली पुसून तिथे बरोबरची खूण झाली. प्रवेशाचा कार्यक्रम आमच्या चाळीच्या पटांगणात ठेवला, आणि त्याच्या गळ्यात हार घालायचं काम बाबांवर आलं. मी सांगितलं, तुम्ही जायचं नाही. बाबा म्हणाले, "म्हणजे आपला वॉर्ड आपणच जिंकला की शेवटी."

"बाबा, तुम्ही हरलात!" मी ओरडले.

"पक्ष जिंकला ना," ते म्हणाले, आणि इस्त्रीचा शर्ट घालून गेले. त्यांनी हार घातला, टाळ्या झाल्या, फोटो काढायला मात्र कुणी नव्हतं, कारण फोटोवाला हारात होता. आल्यावर बाबा भिंतीकडे तोंड करून पडले. त्यानंतर कार्यकर्ते घरी यायचे बंद झाले. ते आता स्टुडिओत जायचे. मोरी सोडून मी खोलीत अभ्यासाला बसू लागले आणि मला अभ्यास सुचेना. बाबा कामावर जायचे, यायचे, पेपर वाचायचे. आई म्हणायची, "बोला तरी काहीतरी. नेत्यांना शिव्या तरी द्या." तेही त्यांनी केलं नाही.

मग एका सकाळी चाळीचं गटार तुंबलं. पाणी पुढच्या ओळीतल्या उंबऱ्यांपर्यंत आलं, आणि माणसं हातात खराटे घेऊन आमच्या दाराशी जमली. सगळ्यांच्या पुढे काकी.

"काय झिला, हयसर बसून पेपर काय वाचतंस? पालिकेत चल."

बाबांनी पेपर खाली ठेवला. "काकी, मी निवडून आलो नाही," ते म्हणाले. इतक्या दिवसांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच तोंडाने उच्चारलं. "छत्री ती त्या स्टुडिओवाल्यांची होती. तुमचं मत त्यांना गेलं. नगरसेवक ते झालेत. गटाराचं त्यांच्याकडे जाऊन सांगायला हवं."

काकींनी हे सगळं ऐकून घेतलं. त्यांना ते पटलं नाही हे दिसतच होतं.

"तो कोण? मी त्याका वळखूक नाय," काकी म्हणाल्या. "छत्री कोणाची ती असूंदे. मी मत तुका दिलंय."

"आम्ही पण," मागून कुणीतरी म्हणालं. "सगळ्यांनीच तुम्हाला दिलंय ना, दादा." आणि मग एकदम सगळेच बोलायला लागले, गटाराचं, पाण्याचं, दिव्याच्या खांबाचं, आणि प्रत्येक जण ते बाबांना सांगत होता.

बाबा उठले. मला वाटलं ते रागावतील, समजावून सांगतील, अलीकडे-पलीकडे पुन्हा सुरू होईल. पण त्यांनी खुंटीवरचा शर्ट काढला आणि बटणं लावायला घेतली. वरचं बटण लागेना, म्हणून आईने पुढे होऊन लावून दिलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही आणि त्यांनीही तिच्याकडे पाहिलं नाही, कारण दोघांचेही डोळे भरले होते आणि दारात अख्खी चाळ उभी होती.

"आधी स्टुडिओत जाऊ," बाबा म्हणाले. "नगरसेवकांना बरोबर घेऊ, त्यांची सही लागेल. मग वॉर्ड ऑफिस. चला." ते पाण्यातून पुढे निघाले आणि सगळी माणसं त्यांच्या मागे गेली.